दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची

केतकीच्या पायांचा आवाज गेला तेव्हा मालनला वाटलं, पोरीने नवीन चपला घेतल्या असतील. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराचा जिना लाकडी होता आणि मांजर चढलं तरी त्याच्या पायऱ्या कुरकुरायच्या. केतकी चढली की त्या मूग गिळून बसायला लागल्या. मग भांड्यांचा आवाज गेला. केतकीने लावलेला कुकर शिट्टी न मारता वाफ सोडायचा, तिच्या फोडणीतली मोहरी उडायची पण तडतडायची नाही, आणि तिच्या हातून ताट निसटलं तर ते फरशीवर गोल गोल फिरून मुकाट्याने आडवं व्हायचं. मालनने लावलेला कुकर मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी शिट्टी मारायचा, तेव्हा कुकरमध्ये काही खोट नव्हती.

मग बांगड्या गेल्या. महाद्वार रोडवरून आईने घेऊन दिलेल्या त्या तांबड्या काचेच्या बांगड्या केतकी कधी काढत नसे. त्या एकमेकींवर आपटायच्या, पण किणकिणायच्या नाहीत. शेवटी संक्रांतीच्या सुमारास केतकीचा स्वतःचा आवाजही गेला. ओठ हलायचे, मान हलायची, आणि मधे काहीच नसायचं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "घसा उत्तम आहे," ते म्हणाले, आणि तरी गोळ्या लिहून दिल्या.

केतकी ही मालनच्या धाकट्या बहिणीची, सिंधूची मुलगी. सिंधू श्रावणात गेली. नवरा आधीच गेलेला, त्यामुळे केतकी पिशवीत चार कपडे घालून मावशीकडे राहायला आली. वय पंचविशीचं, पण मालनला ती अजून खुर्चीखाली झोपणारी पोरच वाटायची.

खुर्चीखाली म्हणजे खरोखरच खुर्चीखाली. मालन आणि सिंधूने उभी हयात व्हायोलिन वाजवण्यात घालवली होती. कोल्हापुरात सिनेमे निघत होते तोवर स्टुडिओत, आणि सिनेमे निघून गेल्यावर जो बोलावील त्याच्याकडे. दोघींना मिळून संगीताच्या पानांचा एकच स्टँड असायचा. आतल्या खुर्चीत सिंधू, बाहेरच्या खुर्चीत मालन. पान संपलं की आतल्याने वाजवणं सोडून ते उलटायचं, आणि बाहेरच्याने वाजवत राहायचं. त्यामुळे मालनला स्वतःहून पान उलटायची सवय कधी लागलीच नाही.

सिनेमाच्या वादकांचा आणखी एक रिवाज आहे, आणि तो बाहेरच्यांना खरा वाटत नाही. वादक पडद्याकडे पाठ करून बसतात. पडदा दिसतो तो फक्त समोर उभ्या असलेल्या मास्तरांना, आणि वादकांना दिसतात फक्त मास्तर. मागे पडद्यावर कुणी मरो, कुणाचं लग्न लागो, आपण मास्तरांच्या हाताकडे बघायचं. उघडा तळवा वर आला की सुरू. मूठ मिटली की बंद. या दोघी बहिणींनी अख्ख्या महाराष्ट्राला धाय मोकलून रडवलं असेल, पण आपण कशावर वाजवलं ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नाही.

केतकी लहानपणी आईच्या खुर्चीखाली सतरंजीवर झोपायची. अक्षरओळख व्हायच्या आधी तिला मूठ कळत होती. कितीही भोकाड पसरलेलं असो, वर मूठ मिटलेली दिसली की तिचं रडं जागच्या जागी थांबायचं, आणि सगळे वादक तिचं तोंडभर कौतुक करायचे.

सिंधूला उचललं त्या सकाळी केतकी दारात उभी होती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. दार माणसांनी भरलेलं होतं, आणि मालनला वाटलं, आता ही फुटली तर मीही फुटेन आणि मग पुढचं कोण करणार? तिचा उजवा हात आपसूक वर गेला आणि मूठ मिटली. केतकीने तोंड मिटलं. "पोरगी मोठ्या धीराची हाय," असं सगळे म्हणाले.

त्या दिवसापासून मालनची उजवी मूठ पुरती उघडली नाही. व्हायोलिनचा गज धरण्यापुरती ती सैल व्हायची, भाकरी ती डाव्या हाताने थापायला शिकली, आणि देवळात गुरव तीर्थ बोटांच्या फटीत ओतायचा. वय झालं की असं व्हायचंच, म्हणून तिने तिकडे कानाडोळा केला.

चैत्रात, उन्हाने डांबर मऊ होत असताना, हुपरीकर सरांकडे जपानी सिनेमाचे डबे आले. हुपरीकर सर गावातली फिल्म सोसायटी चालवायचे आणि जगातल्या कुठल्याही सिनेमाचं दुःख स्वतःच्या घरचं असल्यासारखं सांगायचे. त्यांनी पहिला डबा उघडला तर तो बर्फाने भरलेला होता. त्यांनी बर्फ घमेल्यात काढून ठेवला आणि खालून रीळ उचललं. क्लॅरिनेट वाजवणारे सर्जेराव तिथेच होते. त्यांनी थोडा बर्फ पेल्यात घेतला, वर कोकमाचं सरबत ओतलं आणि चाखून बघितलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

"समुद्रकाठची गोष्ट आहे," हुपरीकर सर म्हणाले.

सिनेमातला आवाज समुद्राच्या हवेने खाऊन टाकला होता. बोलणं नाही, संगीत नाही, काही नाही. संगीताची पानं मात्र शेवटच्या डब्यात शाबूत होती. तेव्हा असं ठरलं की सिनेमा पडद्यावर दाखवायचा आणि संगीत समोर बसून वाजवायचं. हुपरीकर सर तडक मिसाळ मास्तरांकडे गेले, स्टुडिओत मालन-सिंधूसमोर हात उचलायचे त्याच मास्तरांकडे. मास्तर ऐंशीच्या घरातले. दहा जणांचा वाद्यवृंद उभा करायचा तर गावात दुसरं कोण होतं? मास्तरांनी मालनला निरोप धाडला. मालन नाही म्हणणार होती. पण घरात एवढी शांतता साचली होती की आपल्याच गिळण्याचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचा. ती हो म्हणाली, आणि पानं उलटायला म्हणून केतकीला सोबत घेऊन गेली.

पहिल्या दिवशी मास्तरांनी फिल्म सोसायटीच्या हॉलमध्ये संगीताशिवाय नुसता सिनेमा लावला. वादक नेहमीच्या सवयीने पाठ करून बसले आणि हुपरीकर सरांनी गोष्ट सांगितली. उत्तरेकडचं एक कोळीगाव. तिथे हिसा नावाची विधवा आणि तिची मुलगी सायो. सायो खडकांवरून लंगडी घालत हिंडते. दुष्काळी साल येतं, सायोला रेशमाच्या गिरणीत कामाला धाडतात आणि तिची बोट बुडते. गावचा म्हातारा मुखिया बातमी घेऊन येतो. घरी आला तो पाहुणा, म्हणून हिसा त्याला आधी चहा देते. तो गेल्यावर मुलीच्या किमोनोची घडी घालते, आणि मग बर्फात जाऊन किनाऱ्यावर बसते. संपला सिनेमा.

"रडली का मग बाई?" सर्जेरावांनी विचारलं.

"नाही ना," मास्तर पडद्याकडे बघत म्हणाले. "चहा दिला, घडी घातली, गेली. डोळ्यांत टिपूस नाही. वाण्याच्या दुकानात गेल्यासारखी गेली. आणि मला पण काई वाटलं नाही, बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बातमीच्या प्रसंगावर संगीत लावलं. सर्जेराव मूळचे वरातीच्या बँडमधले. त्यांना पानं वाचता यायची नाहीत, पण एकदा ऐकलेलं कानातून जायचं नाही. दुःखाचा प्रसंग आहे एवढं त्यांना सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी मुलगी सासरी निघाल्यावर फुंकतात तसा जीव काढून सूर फुंकला. मास्तरांची मूठ मिटली.

"सर्जेराव, बाईंनी कानांवर हात ठिवलंय."

"कुठल्या बाईंनी?"

"पडद्यावरच्या."

"मग हळू वाजवतो की," सर्जेराव म्हणाले आणि क्लॅरिनेटची पत्ती ओली करून घेतली.

हळू वाजवूनही चालेना. मास्तरांनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. हा जपानी मास्तर मोठा बिलंदर होता, ते म्हणाले. बातमी येते तिथे त्याने काहीच ठेवलं नाही, नुसता एक खर्ज, चुलीवर आधण ठेवल्यासारखा. बाईचा चेहरा दगड झालाय तर संगीताने पण तिथं रडायचं न्हाई. आणि घडी घालताना काय ठेवलंय? सायो लंगडी घालते तेव्हाची धून. तीच उड्या मारणारी धून, पण इतकी संथ की एका उडीत म्हातारं व्हावं. बाई घडी घालत्यात किमोनोची, आणि आपण त्यांना आठवण करून द्यायची पोरीच्या पायांची. त्यांनी इथं रडायचं का न्हाई हे आपण सांगायचं न्हाई. आपण नुसते पाय वाजवायचे.

मालनने हे ऐकलं आणि तिची नजर खाली गेली. शेजारी बसलेल्या केतकीचे पाय सतरंजीवर होते. ते आता आवाज तर करत नव्हतेच, पण त्यांचा रंगही उतरला होता. फिकट नव्हे, सिनेमातल्यासारखा करडा. मालनने पदर पुढे करून ते झाकले.

त्या दिवशी त्यांनी धून लंगडीच्या रिळात पळती वाजवली आणि घडीच्या रिळात संथ वाजवली, आणि हॉलमध्ये बर्फ पडायला लागला. तो छतातून येत नव्हता, पडद्यातून येत होता, वाऱ्याबरोबर, वादकांच्या पाठीमागून त्यांच्या खांद्यांवर. चहावाला किटली घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला. त्याने डोळे पुसले आणि सगळ्यांना चहा न देताच परत गेला.

"आता बाई घडी घालताना थरथरत्यात," मास्तर म्हणाले. "एवढं जमलं. पण एक अडचण हाय."

अडचण अशी होती की ती धून दोन व्हायोलिनसाठी लिहिलेली होती. पहिलं व्हायोलिन आईसारखं विचारायचं आणि दुसरं मुलीसारखं उत्तर द्यायचं. मालनच्या व्हायोलिनने विचारून झालं की उत्तराची जागा यायची, आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीत, सिंधूच्या जागी, केतकी नुसती पान धरून बसलेली असायची. त्या जागेवर हिसाचे हात घडीवर थांबायचे. रीळ फिरत राहायचं, बर्फ पडत राहायचा, बाकी सगळं हलायचं, पण हिसा मान वळवून हॉलमध्ये दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीकडे बघत राहायची. शेवटी मास्तर मूठ मिटायचे आणि हुपरीकर सर यंत्र बंद करायचे.

इचलकरंजीहून एका व्हायोलिनवाल्याला बोलावलं. तो त्या खुर्चीत बसला आणि पाहतो तर शेजारच्या खुर्चीत बसलेला. पुन्हा उठून बसला, पुन्हा शेजारी. तसा भला माणूस, त्याने दोनदा माफी मागितली आणि चहा घेऊन संध्याकाळच्या एसटीने निघून गेला. त्या खुर्चीत केतकी तेवढी बसू शकत होती.

"उत्तराची ओळ काढूनच टाकू या का?" हुपरीकर सर म्हणाले.

"मग विचारायचं तरी कशाला?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "दहा माणसं काय नुसती प्रश्न विचारायला बसवलीत का मी?"

केतकी पानं उलटायची ती इतकी बिनआवाजाची की मास्तर खूष होते. सगळ्या उमेदीत असं पान उलटलेलं बघितलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. मालनला ते कौतुक ऐकवेना. ती तिरक्या नजरेने केतकीकडे बघायची. केतकी वादक नव्हती, तिला रिवाजाचं बंधन नव्हतं, आणि पान उलटून झालं की ती मान वळवून मागे पडद्याकडे बघायची. रोज थोडा जास्त वेळ. रोज घरी जाताना ती थोडी जास्त करडी असायची. आधी पाय, मग हात, मग वेणी. रंकाळ्याच्या काठाने दोघी चालत जायच्या तेव्हा मावळतीचं ऊन मालनवर पडायचं आणि केतकीच्या आरपार जाऊन पाण्यावर पडायचं. मालनने तिचा दंड घट्ट धरला, आणि तिच्या बोटांना तो दंड पडद्याच्या कापडासारखा लागला.

"तू उद्यापासून येऊ नकोस," मालन म्हणाली. "घरात बस. मी एकटी जातो."

केतकीने मान हलवली. हो की नाही ते मालनला कळलं नाही. सकाळी ती मालनच्या आधी तयार होऊन जिन्याखाली उभी होती.

मग मालन मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, मी वाजवणार नाही, दुसरी बघा.

मास्तरांनी हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझ्यापासून लपवून ठिवलं, पण आता सांगतो. सायोचं तोंड बदलाया लागलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जपानी पोरगी होती. आता खडकावर लंगडी घालताना वळून बघती तेव्हा आपली केतकी असती."

"मग वाजवणंच थांबवा," मालन म्हणाली.

"वाजवायचं थांबवलं तर ती कुठल्या रिळात राहील, ते मला सांगता येत न्हाई," मास्तर म्हणाले. "वाजवून निदान पुढं तर जाता येतं. आणि एक ऐक. काहीही झालं तरी मागं वळून बघू नकोस. बघितलं की हात लटपटतो, हात लटपटला की धून मोडती. धून मोडली की पोरगी गेली."

रविवारी सकाळी खेळ लागला. फिल्म सोसायटीच्या खेळाला एरवी पंधरा-वीस डोकी असायची, पण चहावाल्याने गावभर सांगितलं होतं. राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंतची माणसं आली, काही जण स्वेटर घालून आले. सर्जेरावांच्या बँडमधली पोरं मागे उभी राहिली. केतकी मालनच्या शेजारी बसली, तिने पहिलं पान सरळ केलं आणि मावशीकडे बघून हसली. तिचे दात तेवढे अजून पांढरे होते, बाकी ती सगळी करडी झाली होती. मालनला तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पण मास्तरांचा तळवा वर आला.

पहिलं रीळ खडकांचं. धून पळत सुटली, सर्जेरावांचं क्लॅरिनेट तिच्यामागे पळालं, आणि लोक हसायला लागले. पडद्यावरच्या पोरीने काहीतरी खट्याळपणा केला असावा. मालन वाजवत राहिली. पान संपत आलं तसा शेजारून हात आला आणि पान उलटलं गेलं. दुसरं रीळ दुष्काळाचं. हॉलमध्ये वारा सुटला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. पान संपलं. हात आला, पान उलटलं गेलं.

तिसरं रीळ बोटीचं. आता पान संपेल, आता हात येईल, असं म्हणत मालन शेवटच्या ओळीपर्यंत गेली. हात आला नाही.

मालनने वाजवता वाजवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दुसऱ्या व्हायोलिनची खुर्ची रिकामी होती. खुर्चीखाली सतरंजीवर ओल्या पावलांचे ठसे होते आणि ते मागे गेले होते, पडद्याकडे. मालनने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मास्तर पडद्याकडे बघत होते.

"बसली," ते पुटपुटले. "बोटीत बसली. हात हलवतीया. तू वाजव, मालन. वाजव."

पान संपलं होतं. उलटायला कुणी नव्हतं. मालनने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पान उलटलं, हनुवटीने व्हायोलिन दाबून धरत, डाव्या हाताच्या करंगळीने, आणि एक सूरही सुटला नाही. इतकी वर्षं आपल्याला हे येत होतं, हे तिला तेव्हा कळलं आणि तिला सिंधूचा रागच आला. हे येत नाही असं समजून आपण बहिणीला जन्मभर जुंपून ठेवलं होतं, आणि बहिणीने ते सांगितलंही नव्हतं.

चौथं रीळ. बातमी. सगळे थांबले, नुसता खर्ज राहिला. मालनच्या पाठीमागे कप ठेवल्याचा आवाज झाला. सगळ्या सिनेमात आवाज नव्हता, पण तो कप वाजला. हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकला. चहाचा वास आला. कुणीतरी हुंदका दिला, मग आणखी कुणीतरी, आणि मग तो आवाज रांगांमागून रांगा घेत दारापर्यंत गेला. सर्जेरावांचं क्लॅरिनेट मांडीवर होतं आणि ते मान खाली घालून मुसमुसत होते. बर्फ त्यांच्या टोपीवर साचला होता.

मग घडीची धून आली. ती संथ उडी. मालनने पहिला प्रश्न विचारला. तिचा गज इतका हळू चालला होता की तारेवरून तो घसरेल की काय असं वाटत होतं. जिन्यावरचे पाय. खडकांवरचे पाय. खुर्चीखालून डोकावणारे, लोकरीचे मोजे घातलेले पाय. प्रश्न संपला आणि उत्तराची जागा आली.

हॉलमधला बर्फ होता तिथे थांबला. कण नाकासमोर, डोळ्यांसमोर, हवेत लोंबकळत राहिले. मास्तरांचा तळवा रिकाम्या खुर्चीकडे उघडा होता. त्यांचा दुसरा हात मूठ मिटायला वर येऊ लागला.

"मास्तर, बंद करू नका," मालन म्हणाली.

"मालन, वळू नकोस."

मालन वळली.

तिने पहिल्यांदा पडदा पाहिला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा फार जवळ होता. हिसा गुडघ्यांवर बसलेली होती, अर्धी घडी घातलेला किमोनो तिच्या मांडीवर होता, आणि ती मालनएवढीच थकलेली, मालनच्याच वयाची बाई होती. तिच्यामागे दार उघडं होतं. दारात केतकी उभी होती, नखशिखांत भिजलेली, करडी. तिच्या वेणीतून पाणी गळत होतं आणि उंबऱ्यावर पडत होतं, बिनआवाजाचं. तिची छाती श्वासाने भरलेली होती. सिंधूला उचललं त्या सकाळी घेतलेला तोच श्वास होता तो, तिने अजून सोडलेला नव्हता.

केतकी मावशीच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती तिच्या उजव्या हाताकडे बघत होती.

मालनने आपल्या हाताकडे पाहिलं. गज धरलेली ती मूठ होती. श्रावणापासून ती वरच होती. कुकर लावताना, भाकरी करताना, तीर्थ घेताना, रंकाळ्यावरून चालताना पोरीच्या डोळ्यांसमोर मिटलेलीच होती. आणि ही पोर मिसाळ मास्तरांच्या हातासमोर खुर्चीखाली वाढलेली, शिस्तीची पोर. तिने आवाज कसा करावा?

"अगं माझ्या बाई," मालन म्हणाली.

मूठ उघडेना. मालनने व्हायोलिन सिंधूच्या खुर्चीवर ठेवलं, आणि खुर्चीने ते ठेवून घेतलं. मग डाव्या हाताने तिने उजव्या हाताची करंगळी सोडवली. मग अनामिका. मधलं बोट सुटलं तसा गज फरशीवर पडला आणि त्याचा खणखणीत आवाज झाला. बाकीचे वादक मागे वळले नाहीत. मास्तरांची मूठ अर्ध्या वाटेवर थांबली. तर्जनी सुटली, अंगठा सुटला, आणि मालनने हात वर केला, आयुष्यभर मास्तरांना करताना पाहिला होता तसा, तळवा उघडा, केतकीच्या समोर.

हिसा घडी बाजूला ठेवून उठली आणि दारातून अंग चोरून तिने वाट करून दिली.

केतकीने तोंड उघडलं. त्या करड्या पडद्यात आधी तिच्या मनगटावरच्या बांगड्या तांबड्या झाल्या. मग त्या वाजल्या.